पावसाळ्याआधी गावचे घर बंद करताना

शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आले की कोकणातली चाकरमान्यांची घरे कुलपात जातात, ती बहुधा गणपतीलाच उघडतात. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तरी बंद घराचे अधिक नुकसान आत कोंडलेल्या दमटपणाने होते, हे धरूनच तयारी करावी.

सुरुवात छपरापासून आणि गावी पोहोचताच करावी, कारण मे अखेरीस शाकारणीला, म्हणजे कौले नीट बसवून घ्यायला, माणूस मिळत नाही. भर दुपारी दारे-खिडक्या लावून माळ्यावर उभे राहावे. जिथून उन्हाचा कवडसा आत उतरतो तिथले कौल सरकलेले किंवा तडकलेले असते. ते खालून काठीने किंचित उचलून दाखवले की वर चढलेल्या माणसाला शोधत बसावे लागत नाही. छपराच्या दोन उतरत्या बाजू, म्हणजे पाखी, जिथे मिळतात त्या पन्हळीतला आंब्या-फणसाचा पाला हाताने काढून टाकावा, कारण तिथे पाणी तुंबले की ते कौलांखाली शिरून थेट वाशांवर उतरते. पडवीवर पत्रे असतील तर प्रत्येक हुक आवळून घ्यावा आणि छपरावर आलेल्या फांद्या, सुक्या झावळ्या व नारळ उतरवून घ्यावेत. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले ते 3 जून 2020 रोजी, म्हणजे घरे बंद करण्याच्या ऐन दिवसांत.

जांभ्याची भिंत पाणी शोषते, म्हणून पावसाचा मारा ज्या बाजूने येतो त्या पश्चिमेच्या भिंतीला झड, म्हणजे पाऊस अडवणारा आडोसा, बांधावी. त्यासाठी नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापे मिळाली तर उत्तमच. ताडपत्री वापरायची झाल्यास ती भिंतीला चिकटू न देता बांबूवर वीतभर अंतर राखून ताणावी, नाहीतर मागे कोंडलेली ओल भिंतीतच मुरते. आतली कपाटे, पेट्या आणि पलंग भिंतीपासून सरकवून ठेवावेत. भिंतीवर वाळवीची मातीची रेघ दिसली तर ती नुसती झाडून काढू नये. ती कुठून चढली आहे ते शोधून तिथे औषध घालावे.

विहिरीच्या पायरीवर बसवलेला पंप उचलून घरात आणावा, कारण जुलैत पाणी त्या पायरीच्याही वर येते. विजेचा मेन स्विच बंद केला तरी सर्व प्लग काढावेत आणि टीव्हीला जोडलेली छत्रीची केबलही सोडवून ठेवावी. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून, पाणी तपासून, वायरी काढून ठेवावी. फ्रिज रिकामा करून कोरडा पुसावा आणि त्याचे दार बंद होऊ नये म्हणून मध्ये कापडाची घडी अडकवावी.

गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावावे. धान्य, पिठे, मसाले मागे ठेवूच नयेत. उरलेले शेजारी देऊन टाकावे. गाद्या-गोधड्यांना कडक ऊन दाखवावे आणि त्या पूर्ण निवल्यावरच ट्रंकेत भराव्यात. घरपट्टीच्या पावत्या, सातबारा असली कागदपत्रे बरोबर न्यावीत. मोरीच्या भोकांना बारीक जाळी लावावी, म्हणजे उंदीर आणि त्यांच्यामागून येणारे साप आत शिरत नाहीत. मात्र वरचे झरोके बंद करू नयेत. वारा खेळता राहू द्यायचा असतो, आणि नेमके तेच झरोके लोक हौसेने प्लॅस्टिकने बुजवतात.

चावी गावातच, भावकीत किंवा शेजारी, नेहमी घरी असणाऱ्या माणसाकडे द्यावी. पावसाने उघडीप दिली की त्याने दारे-खिडक्या दोन-तीन तास उघडाव्यात आणि जमल्यास चूल पेटवावी, कारण धुराने वासे कोरडे राहतात. या कामाचे पैसे आधीच ठरवून द्यावेत. नात्यात मागायला संकोच होतो आणि मग घर उघडलेच जात नाही. कुलूप पितळी असावे, त्यात तेलाचे दोन थेंब सोडावेत. चावीबरोबर एका कागदावर मेन स्विचची जागा, वायरमनचा आणि आपला फोन नंबर लिहून द्यावा.