एमटीएस फाइल जोडताना सांध्यावर आवाज तुटतो? माझा अनुभव

वेंगुर्ल्याजवळच्या जत्रेतला दशावतार सलग रेकॉर्ड केला. कार्ड एफएटी३२ (फाइली साठवण्याची जुनी पद्धत), म्हणजे एक फाइल ४ जीबीच्या आतच; कॅमकॉर्डरने रेकॉर्डिंगचे एमटीएस (त्याचा व्हिडिओ फाइलीचा प्रकार) तुकडे पाडले. एडिटिंगमध्ये ते शेजारी ठेवले की प्रत्येक सांध्यावर पखवाज क्षणभर गप्प. क्रॉसफेडने (एक आवाज विरवत दुसरा चढवून) ठेका बिघडला, एमपी४ करूनही खाच तशीच. डोकं फिरलं.

कारण असं: सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्राची एक चौकट (फ्रेम) ४० मिलिसेकंदांची, एसी-३ (या फाइलींतला आवाजाचा प्रकार) आवाजाची ३२ची. कॅमेरा मध्येच कापतो, तेव्हा अर्धवट चौकटीचा उरलेला भाग पुढच्या फाइलीत जातो. म्हणून एडिटरमध्ये टाकण्याआधीच जोडायचं.

कार्डावरचा अख्खा फोल्डर एनटीएफएस (मोठ्या फाइली चालणारी पद्धत) डिस्कवर घ्या (जोडलेली फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होणार). विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) त्यातल्या 'स्ट्रीम' फोल्डरात जा; एमटीएस फाइली तिथे असतात. 'कॉपी', मग 'स्लॅश बी', मग फाइलींची नावं क्रमाने, मध्ये अधिकचं चिन्ह, शेवटी जागा सोडून नवं नाव. सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. 'स्लॅश बी' विसरू नका. आता ही एकच फाइल एडिटरमध्ये घ्या.

स्टॉप दाबून पुन्हा सुरू केलेलं रेकॉर्डिंग यात मिसळू नका. एमपी४ला ही युक्ती लागू नाही. मूळ तुकडे सांधे ऐकून झाल्यावरच पुसा.