पायाच्या तज्ज्ञाकडे जाताना जुने बूट सोबत न्या

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते, आणि आपण काय करतो, दुकानातून जेलचं इनसोल आणून बुटात घालतो. थोडे दिवस बरं वाटतं पण मूळ दुखणं तिथंच राहतं. त्यापेक्षा एकदा ऑर्थोटिस्टला, म्हणजे पायाला आधार देणारी इनसोलसारखी साधनं बनवणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा आणि जाताना रोजच्या वापरातले, झिजलेले बूट आठवणीने न्या, नवे नकोत. सोल कुठे जास्त घासलाय, आतल्या बाजूला की बाहेरच्या, टाच एकीकडे कललीय का, यावरून चालताना भार कुठे पडतो याचा बराच अंदाज येतो. मग ते तुम्हाला चालायला लावतात, घोटा फिरवून बघतात, गरज असेल तर फोमवर पाऊल दाबून ठसा घेतात किंवा स्कॅन करतात आणि त्या मापाचं इनसोल बनवतात. सगळ्यांनाच असं खास बनवलेलं लागत नाही हं, कधी नुसता रुंद पंज्याचा बूट पुरतो.

नवीन इनसोल पहिल्याच दिवशी दिवसभर घालू नका, तास-दोन तासांपासून हळूहळू वाढवा. टोचलं, लाल झालं तर परत जाऊन घासून घ्या, तेवढी दुरुस्ती करावी लागतेच.

डायबेटिस असेल तर मात्र थांबूच नका, कारण पाय बधिर झाला की बूट चावतोय तेही कळत नाही, रोज रात्री तळवे बघा आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवा, एवढासा खडासुद्धा जखम करतो.