माउंटन बाइकसाठी घरगुती कॅमेरा माउंट

माउंटन बाइकवरून चित्रीकरण करण्यासाठी घरी माउंट, म्हणजे कॅमेरा धरून ठेवणारा आधार, बनवणारा माणूस सहसा एकाच गोष्टीची चिंता करतो, ती म्हणजे तो वाटेत मोडेल की काय. माझा पहिला माउंट मोडला नव्हता. गोव्यातल्या फोंड्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या पीव्हीसी पाइपला एक एल्बो आणि दोन क्लिपा लावून केलेला तो वीतभर उंच दांडा फर्मागुडीच्या माळावरून खाली काजूच्या बागेपर्यंतची सगळी उतरण सोसून शाबूत परत आला. मात्र घरी चित्रण लावून पाहिले, तेव्हा झाडे, वाट आणि पुढचे चाक हे सगळेच हलत्या पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे लाटा मारत होते. दुसऱ्या दिवशी तोच दांडा लोखंडाचा करून घ्यावा म्हणून मी एका वेल्डिंगवाल्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने तो हातात घेतला, टोकाला बोटाने टिचकी मारली आणि एवढेच विचारले, "बाब, इतलें लांब कित्याक?" (इतके लांब कशाला?)

त्या प्रश्नात माउंटचे अर्धे शास्त्र आहे. एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याच्या दुसऱ्या टोकावर ठरावीक वजन टाकले, तर त्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे लांबी दुप्पट केली की वाकणे आठपट होते, आणि उलट माझा २० सेंटिमीटरचा दांडा ५ सेंटिमीटरवर आणला असता, तर त्याच पाइपचे वाकणे चौसष्टपटींनी कमी झाले असते. हल्लीचे बरेचसे ॲक्शन कॅमेरे १५० ग्रॅमच्या आसपास भरतात. हे वजन हातात किरकोळ वाटते, पण जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवरून सायकल उतरते तेव्हा तेच वजन सेकंदाला कितीतरी वेळा वर-खाली झटके देते. या कॅमेऱ्यांचा सेन्सर सगळे चित्र एकाच क्षणी टिपत नाही, तर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. ओळी वाचल्या जात असतानाच कॅमेरा थरथरला, तर प्रत्येक ओळ किंचित वेगळ्या जागी पडते आणि सरळ माडही सापासारखा दिसू लागतो.

कॅमेऱ्यातले स्टॅबिलायझेशन, म्हणजे हलते चित्र स्थिर करणारी सोय, हे सांभाळून घेईल, अशी अनेकांची समजूत असते. ते मोठे, संथ हेलकावे उत्तम सांभाळते; बारीक, जलद थरथर मात्र त्याच्या आवाक्याबाहेर राहते. शिवाय कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) किंवा दाट झाडीतल्या अंधाऱ्या वाटेवर प्रत्येक चौकटीला (फ्रेमला) प्रकाश जास्त वेळ घ्यावा लागतो, आणि त्या वेळात कॅमेरा हलला तर चित्र चौकटीच्या आतच फासले जाते. स्टॅबिलायझेशन चौकट जागेवर आणू शकते, फासलेले चित्र पुन्हा रेखीव करू शकत नाही. म्हणून माउंट करताना मजबुतीआधी आखूडपणा पाहावा आणि आखूडपणाबरोबरच सांध्यांमध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा, अजिबात राहणार नाही हे पाहावे.

हँडलबारचा माउंट

आधी मापे घ्यावीत. आजच्या बहुतेक माउंटन बाइकच्या हँडलबारची स्टेमजवळची (बारला मध्यभागी धरणाऱ्या भागाजवळची) जाडी ३१.८ मि.मी. असते, काही नव्या सायकलींची ३५ आणि जुन्यांची २५.४ मि.मी.; ग्रिपच्या बाजूला मात्र सगळे बार २२.२ मि.मी.वर उतरतात. जाड भाग स्टेमच्या दोन्ही बाजूंना थोडासाच असतो आणि पुढे बार निमुळता होतो. निमुळत्या भागावर लावलेला क्लॅम्प धक्क्यांनी हळूहळू सरकत जातो, त्यामुळे स्टेमच्या अगदी लगतचीच जागा निवडावी. पुढे दिलेली मापे ३१.८ मि.मी.च्या ॲल्युमिनियम बारची आहेत. कार्बनच्या बारवर घरगुती क्लॅम्प लावू नये, कारण एकाच जागी जास्त आवळले गेल्यास कार्बनला बाहेरून न दिसणारी चीर जाऊ शकते.

सागवानाचा किंवा चांगल्या वाळलेल्या फणसाचा एक ठोकळा घ्यावा: समोरून मागे ७० मि.मी., उंची ६५ मि.मी. आणि बारच्या दिशेने जाडी ३० मि.मी. लाकडाचे रेषे समोरून मागे जातील असाच तो कापावा. रेषे उभे राहिले, तर बोल्ट आवळताना ठोकळा भोकाच्या जागी उकलतो. तळापासून ३० मि.मी. उंचीवर मध्यबिंदू धरून ३२ मि.मी.चे आरपार भोक पाडावे. यासाठी लागणारा होल सॉ घरी नसला, तरी दारांना कुलुपे बसवणाऱ्या सुताराकडे बहुधा असतो. त्यानंतर भोकाच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून ९ मि.मी. आत, वरून खाली जाणारी दोन उभी भोके पाडावीत. ती एम ६, म्हणजे ६ मि.मी. जाडीच्या, बोल्टसाठी. ही भोके ठोकळा अखंड असतानाच पाडली पाहिजेत. सर्वात शेवटी मोठ्या भोकाच्या बरोबर मध्यातून ठोकळा आडवा कापून त्याचे दोन भाग करावेत. मी घाईत आधी कापला आणि मग भोके पाडली, तेव्हा ती एकमेकांसमोर काही केल्या येईनात.

जुन्या ट्यूबचे रबर कापून बारभोवती एक वेढा द्यावा आणि त्यावर दोन्ही अर्धे ठोकळे बसवून ८० मि.मी. लांबीच्या दोन बोल्टांनी आलटून पालटून आवळावेत. पूर्ण आवळल्यावरही दोन्ही भागांमध्ये २-३ मि.मी. फट दिसली पाहिजे. फट मिटली असेल, तर लाकूड लाकडावर टेकले आहे आणि बारवर पकड बसलेलीच नाही, असे समजावे. रबर जाड घातले तर धक्के कमी होतील, या विचाराने मी एकदा चार वेढे दिले होते. त्या रबरावर कॅमेरा लंबकासारखा डोलू लागला. रबराचे काम पकड देणे आणि बारचा रंग वाचवणे एवढेच आहे. ब्रेकची आणि गिअरची केबल ठोकळ्याखाली दाबली जात नाही ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे.

आता कॅमेरा धरणाऱ्या पट्ट्या. कॅमेऱ्याच्या तळाला जी दोन बोटे (पुढे आलेले चपटे कान) असतात, ती आणि त्यांच्यामधली फट साधारण ३ मि.मी.ची असते. फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळणारी २५ मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड ॲल्युमिनियमची पट्टी या फटीत थोडी कानस मारताच बसते. नुसती एक पट्टी फटीत घालून एम ५ बोल्टने आवळली तरी कॅमेरा उभा राहतो, पण घर्षणाचे पृष्ठभाग दोनच मिळतात आणि दोन-चार उड्यांनंतर कॅमेरा मान टाकतो. एक पट्टी फटीत आणि एकेक दोन्ही बोटांच्या बाहेर अशा तीन पट्ट्या लावल्या की पृष्ठभाग चार होतात आणि तेवढ्याच आवळण्यात पकड दुप्पट मिळते. तिन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून, वाइसमध्ये धरून एकदमच भोके पाडावीत: वरच्या टोकाशी कॅमेऱ्यासाठी एक, आणि खाली ठोकळ्याला जोडण्यासाठी १२ मि.मी. अंतरावर दोन, तिन्ही एम ५ बोल्टच्या मापाची. खालच्या बाजूला पट्ट्यांच्या मध्ये त्याच पट्टीचे दोन तुकडे घातले, की पाच थरांचा १५ मि.मी. जाडीचा एक कंगवा तयार होतो. तो वरच्या अर्ध्या ठोकळ्याच्या बाजूच्या पृष्ठभागाला लावून दोन आडव्या ६० मि.मी. बोल्टांनी पक्का करावा. आडवी भोके मोठ्या भोकाच्या वर उरलेल्या लाकडाच्या मध्यावर यावीत. पट्ट्या ठोकळ्याच्या वर २०-२५ मि.मी.पेक्षा जास्त डोकावू नयेत, आणि त्यांची वरची टोके कानशीने गोल करावीत, म्हणजे कॅमेरा वर-खाली कलताना अडणार नाही.

ज्या कॅमेऱ्यांना बोटे नसून तळाला ट्रायपॉडचे भोक असते, त्यांच्यासाठी पाव इंची, इंचाला २० आटे असलेला बोल्ट लागतो. येथे एक इशारा देतो, कारण हे नुकसान मी स्वतः भोगले आहे. दुकानदार "पाव इंची म्हणजे ६ मि.मी.च" असे म्हणून एम ६ बोल्ट हातात ठेवतो. तो एक-दोन फेरे आत जातो देखील. पण त्याचे आटे १ मि.मी. अंतराचे असल्याने पुढे तो अडकतो, आणि जोर लावला तर कॅमेऱ्याचे आटे कायमचे जातात. योग्य बोल्ट हातानेच शेवटपर्यंत फिरतो. तो कॅमेऱ्यात ४-५ मि.मी.पेक्षा खोल जाणार नाही, एवढ्या वॉशर त्याखाली घालाव्यात.

छातीचा माउंट

हँडलबारवरून पुढचे चाक आणि वाट छान दिसते. पण सबंध फेरीचे चित्रीकरण करायचे असेल, तर माझे मत छातीच्या बाजूने आहे. हात, कोपर आणि गुडघे मिळून जेवढा धक्का गिळतात, तेवढा कोणताही रबराचा तुकडा गिळत नाही. शिवाय चौकटीत हँडल आणि हात दिसत राहिल्यामुळे पाहणाऱ्याला उताराचा अंदाज येतो, जो एरवी चित्रात नेहमी सपाट भासतो.

याला फारसा खर्च नाही. मुलांच्या फाटलेल्या दप्तराचे २५ मि.मी. रुंद पट्टे आणि बकले काढून घ्यावीत. स्वयंपाकघरातल्या भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या जाड बोर्डातून १०० बाय ८० मि.मी.चा तुकडा कापून त्याच्या चारही कोपऱ्यांशी पट्टा जाईल अशा खाचा पाडाव्यात. दोन पट्टे खांद्यांवरून, एक छातीभोवती, आणि पाठीवर जिथे ते एकत्र येतात तिथे शिवण. ही शिवण चपला शिवणाऱ्या कारागिराकडून नायलॉनच्या दोऱ्याने घालून घ्यावी, घरच्या मशीनची टिकत नाही. बोर्डाच्या आतल्या बाजूला जुन्या हवाई चपलेचा तळ कापून चिकटवावा, म्हणजे बोर्ड बरगड्यांना टोचत नाही. कॅमेऱ्याच्या पट्ट्यांचा तोच कंगवा येथे एल आकाराच्या दोन कोनपट्ट्यांनी बोर्डावर बसवता येतो. बोल्टांची डोकी मात्र बोर्डात खोल बुडवावीत. पडलो तर छातीवर येणारी वस्तू हीच असणार आहे, हे लक्षात ठेवून सगळ्या कडा गोल कराव्यात.

कॅमेरा उलटा टांगावा आणि चित्र फिरवण्याचे काम त्याच्यावरच सोपवावे. उलटा टांगला की तो बोर्डाच्या जवळ राहतो. कोन घरात उभे राहून ठरवू नये. सायकलवर आपण पुढे वाकलेले असतो, म्हणून उभे असताना लेन्स आभाळाकडे पाहते आहे असे वाटावे इतका कॅमेरा वर कललेला लागतो. सायकल भिंतीला टेकवून, उतारावरच्या पवित्र्यात बसून फोनवर चौकट पाहावी. माझ्या पहिल्या तासाभराच्या चित्रणात फक्त टॉप ट्यूब, म्हणजे सायकलच्या सांगाड्याची वरची नळी, होती.

हेल्मेटबद्दल

हेल्मेटला भोक पाडू नये, आणि सोल्यूशन, पेट्रोल किंवा थिनर असलेले कोणतेही चिकटद्रव्य त्याला लावू नये. आतला थर्मोकोलसारखा थर या द्रवांमध्ये विरघळतो आणि कवच वरून धड दिसत असतानाच हेल्मेट निकामी होते. काजूच्या आणि बांबूच्या बेटांतून जाताना फांदी कॅमेऱ्यात अडकली, तर कॅमेरा सुटला पाहिजे, मान वळता कामा नये. म्हणून लावायचाच असेल, तर हेल्मेटच्या फटींतून ओवलेल्या वेल्क्रोच्या पट्ट्यावर लावावा, घट्ट आवळलेल्या धातूच्या क्लॅम्पवर कधीही नाही.

दोरी, पाऊस आणि तांबडी धूळ

हँडलबारच्या माउंटवर कॅमेऱ्याला एक वेगळी दोरी बांधावी. गरवण्याची जाड तंगूस किंवा नायलॉनची दोरी चालते, मात्र तिची लांबी १०-१५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, नाहीतर सुटलेला कॅमेरा थेट चाकाच्या आऱ्यांत जातो.

पहिल्या फेरीआधी एक सोपी चाचणी घ्यावी. चित्रीकरण चालू ठेवून बारवर हाताने चापट्या माराव्यात आणि ते चित्रण संथ गतीने पाहावे; चापटीनंतर चित्र लगेच स्थिरावले तर ठीक, ते काही वेळ थरथरत राहिले तर कुठेतरी लांबी किंवा खेळ शिल्लक आहे. मग एखाद्या सड्यावर (खडकाळ माळावर) दहा मिनिटे फिरून यावे आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे लाकूड पहिल्याच फेरीत थोडे दबते. म्हादई अभयारण्यात किंवा मोलेच्या जंगलात चाचणी घ्यायची असेल, तर आधी वनखात्याची परवानगी लागते, हेही ध्यानात असावे.

साधे लोखंडी बोल्ट गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यातच गंजून जाम होतात; स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि आत नायलॉनची कडी असलेले नट वापरावेत. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात, तिथे खाऱ्या ओलाव्यामुळे ॲल्युमिनियम पांढरे पडून झिजते, म्हणून तेथे थोडे ग्रीस लावावे. पट्ट्यांच्या घर्षणाच्या पृष्ठभागांवर मात्र ग्रीसचा थेंबही जाऊ देऊ नये. लाकडाला वार्निशचे दोन हात द्यावेत, नाहीतर जूनमध्ये ते फुगते आणि डिसेंबरमध्ये ढिले पडते. चिरेखाणींच्या आसपासची तांबडी धूळ पट्ट्यांच्या मध्ये शिरली की पॉलिशपेपरसारखे काम करते. प्रत्येक फेरीनंतर कंगवा सोडवून गोड्या पाण्याने धुवावा.

कॅमेऱ्याचा एम ५ बोल्ट किमान २५ मि.मी. लांबीचा घ्यावा आणि तसाच आणखी एक नटासह सीटखालच्या पिशवीत ठेवावा. बाटलीच्या पिंजऱ्याचा बोल्टही एम ५ चाच असतो, त्यामुळे अडीअडचणीला तो काढून लावता येईल असे वाटते. पण तो आखूड असतो आणि १५ मि.मी.च्या थरांतून नटापर्यंत पोहोचत नाही. हे मला अंजुणे धरणाच्या काठावर, कॅमेरा एका हातात आणि बाटली दुसऱ्या हातात धरून उभा असताना कळले.