वॉलपेपर न काढता भिंत रंगवायची असेल तर

वॉलपेपर जुना दिसायला लागला की पहिला सल्ला मिळतो, "खरवडून टाका." सल्ला चुकीचा नाही, पण प्रत्येक भिंतीला तो झेपत नाही. अलीकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये आतल्या भिंतींवर जिप्समचा किंवा पीओपीचा थर असतो. कागद सुटावा म्हणून भिंत भिजवली की हा थरही मऊ पडतो आणि ब्लेडबरोबर त्याचे टवके निघतात. मग कागद काढण्याचं काम बाजूला राहतं आणि भिंत दुरुस्त करण्याचंच मोठं होऊन बसतं. अशा ठिकाणी कागद ठेवून वर रंग देण्यात काही कमीपणा नाही. फक्त एक लक्षात ठेवा, नवा रंग कागदाला धरून राहणार आहे. उद्या कागद सुटला तर रंगही त्याच्याबरोबर येणार. त्यामुळे रंगाचा डबा आणायच्या आधी कागदाची पकड तपासायची.

आधी नखाने तपासा

खाली स्कर्टिंगजवळ आणि खिडकीच्या कडेला कागदाचा कोपरा नखाने उचलून बघा. कोरडाच ओढल्यावर अख्खा पट्टा सरसर निघून येत असेल तर रंगवायचा विचार सोडा, सगळा कागद काढून टाका. नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या तंतूंचा कागद पुष्कळदा असा सहज निघतो. कोपरा हलतच नसेल तर तळहाताने सगळी भिंत थोपटत जा. पोकळ आवाज येईल तिथे पेन्सिलीने खूण करा. भिंतीच्या पाव भागावर खुणा झाल्या, किंवा एका कागदावर दुसरा कागद चिकटवलेला सापडला, तर काढण्यातच शहाणपण आहे. विटांची नक्षी असलेल्या मऊ, फुगीर, मागे गोंद लावलेल्या थ्रीडी शीटवर रंग टिकत नाही. त्या सोलूनच काढाव्या लागतात.

ओल मात्र वेगळी आणि नीट बघायची. बाहेरची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत या दोन खास संशयित. व्हिनाइलचा कागद म्हणजे वरून प्लास्टिकचाच थर, त्यामुळे भिंतीतलं पाणी बाहेर पडत नाही आणि कागदामागे काळे ठिपके धरतात. कोपरा उचलल्यावर कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर आधी गळती शोधा. तिच्यावर रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. भिंत कोरडी असली तरी हे काम पावसाळ्यात काढू नये. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पुट्टी आणि प्रायमर सुकायला फार वेळ घेतात. दिवाळीनंतर मेपर्यंतचा काळ चांगला.

सांधे आणि फुगे

खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद करून स्विचबोर्डच्या प्लेट काढा. खाली जुन्या चादरी पसरा. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि भिंत पुसून घ्या. स्वयंपाकघराजवळच्या भिंतीवर तेलकट थर असतो, तिथे दोनदा पुसा. भिंतीवर पाणी ओघळता कामा नये. पुसून झाल्यावर भिंत पूर्ण सुकू द्या.

आता खरं काम. बाजारात सर्रास मिळणाऱ्या वॉलपेपरचा पट्टा ५३ सेंटिमीटर म्हणजे २१ इंच रुंद असतो. १० फूट रुंद भिंतीवर असे ६ पट्टे बसतात, म्हणजे वरपासून खालपर्यंत ५ सांधे. नुसता रंग मारला की हे पाच उभे सांधे संध्याकाळी दिवा लावताच डोळ्यांत भरतात. म्हणून सांध्याची सुटलेली कड उचला, आत बारीक ब्रशने वॉलपेपरचा गोंद किंवा फेव्हिकॉल लावा, कोरड्या कापडाने दाबा आणि बाहेर आलेला गोंद लगेच पुसा. फुगा असेल तिथे कटरने फुलीसारखी चीर द्या, गोंद भरा आणि कडा खाली बसवा. फुगा लहान असेल तर इंजेक्शनच्या सिरिंजने आत गोंद सोडणं जास्त साफ होतं. फाटून लोंबणारा तुकडा चिकटवत बसू नका, कापून टाका. खड्डा पुट्टीने भरता येतो.

गोंद वाळला की प्रत्येक सांध्यावर तीन-चार इंच रुंद पट्ट्यात पुट्टी ओढायची, मध्ये जेमतेम जाड आणि दोन्ही कडांना शून्यावर आणत. इथे तयार मिळणारी अॅक्रिलिक पुट्टी घ्या. पाण्यात कालवायची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी व्हिनाइलला नीट धरत नाही. सुकल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. कागद गुळगुळीत, चकचकीत असेल तर सगळ्या भिंतीवर हलका हात फिरवून चमक घालवा, म्हणजे प्रायमरला पकड मिळते. घासताना तोंडावर मास्क हवाच. मग मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून तिरका उजेड टाका. उंचवटा राहिला असेल तर त्याची सावली पडेल.

प्रायमर पाण्याचा नको

या कामात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. घरात नेहमीच्या रंगकामाला पाण्यात पातळ होणारा प्रायमर आणतात आणि तोच वॉलपेपरवरही मारतात. साध्या कागदात ते पाणी मुरतं, खालचा गोंद पुन्हा ओला होतो आणि भिंतभर फुगे उठतात. व्हिनाइलमधून पाणी आरपार जात नाही, पण सांध्यांतून आत शिरतं. म्हणून दुकानात ऑइल प्रायमर मागा. डब्यावर "सॉल्व्हंट थिनेबल" असं लिहिलेलं असतं. तो टर्पेंटाइनने पातळ करतात. प्रमाण डब्यावर असतं, त्याहून जास्त पातळ करू नका. गडद नक्षीचा किंवा सोनेरी छपाईचा रंग वर झिरपून येण्याची शक्यताही या प्रायमरने बरीच कमी होते.

याला वास उग्र असतो. खिडक्या उघड्या ठेवा, खोलीत देवाचा दिवा, उदबत्ती, गॅस काहीही पेटवू नका आणि त्या रात्री कोणी तिथे झोपू नये. लहान मुलं किंवा दम्याचा त्रास असलेलं कोणी घरात असेल तर त्यांना दोन दिवस पाहुणे म्हणून कुठेतरी पाठवलेलं बरं.

प्रायमरचा एक हात मारला की काही बारीक फुगे दिसतील. लगेच कटर उचलू नका. सुकताना कागद ताणला जातो आणि त्यातले बरेचसे आपोआप बसतात. दुसऱ्या दिवशी जे उरतील तेवढेच चिरून, चिकटवून, पुट्टीने बुजवा आणि त्या जागी पुन्हा प्रायमर लावा.

रंगाचे दोन हात

पुढचं नेहमीचंच. ३२० नंबरच्या पेपरने हलकेच घासा, धूळ पुसा, कडा ब्रशने आणि मधला भाग रोलरने रंगवा. इमल्शनचे, म्हणजे घरातल्या भिंतींच्या नेहमीच्या रंगाचे दोन हात, मध्ये किमान चार तास. १० बाय १० फुटांच्या भिंतीला साधारण १ लिटर प्रायमर आणि २ लिटर इमल्शन पुरतं. फिनिश मॅटच घ्या. चमकदार रंगात प्रत्येक सांधा उठून दिसतो, मग दुकानदार कितीही म्हणो की "धुता येतो, हाच न्या."

कागदावर उठावदार नक्षी असेल तर ती रंगाखाली लपत नाही. लपवायची असेल तर सगळ्या भिंतीला पुट्टी ओढावी लागेल आणि तेवढ्या कष्टात कागद काढून होतो. नक्षी आवडत असेल तर तशीच राहू द्या, एकरंगी झाल्यावर ती छान दिसते. ब्रिटनमध्ये १८८७ साली निघालेला अॅनाग्लिप्टा हा उठावाचा कागद मुळात रंग देण्यासाठीच बनवला होता. जर्मनीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी मंडळींना भिंतीवर खरखरीत राउफाझर कागद हमखास भेटतो. तोही रंगवण्यासाठीच असतो आणि पाण्यातल्या रंगाने पुन्हा पुन्हा रंगवतात. वर सांगितलेला ऑइल प्रायमर साधारणपणे तिथे लागत नाही.

एकदा रंग दिलेला कागद पुढे काढणं दुप्पट कष्टाचं होतं, कारण रंगातून पाणी आत जात नाही. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारूनच डबा उघडा. रंग झाल्यावर आठवडाभर कपाट भिंतीला टेकवू नका. आणि वाढदिवसाचे फुगे सेलोटेपने त्या भिंतीवर कधीच चिकटवू नका, टेप ओढताना रंगाबरोबर कागदही हातात येतो.