बोअरच्या पाण्यात क्रोमियम आहे का? फिल्टर पेपरची पट्टी अशी बनवा

जड धातू म्हटलं की लोक आधी शिसं आणि आर्सेनिकचं नाव घेतात, पण स्वस्तात कागदावर काहीतरी करून बघायचं असेल तर सुरुवात सहा-संयुजी क्रोमियमपासून, म्हणजे क्रोमियम सिक्सपासून करा असं मी सांगेन, कारण त्याचा रंग एकदम स्पष्ट येतो आणि विषय गंभीर आहे. कानपूरजवळच्या रनियात क्रोमियमच्या कचऱ्याचे ढीग 1976 पासून पडून होते, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. तमिळनाडूतल्या राणीपेटला क्रोमेटचा कारखाना कधीच बंद पडला, कचरा मात्र तिथेच राहिला. आणि आपल्याकडे एमआयडीसीत क्रोम प्लेटिंगचे गाळे आहेतच, त्यामुळे अशा ठिकाणी शेजारच्या विहिरी-बोअर अधूनमधून बघायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस 10500) एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे, आणि साध्या कागदी पट्टीवर नुसत्या डोळ्याने एवढं कमी दिसेल याची अजिबात खात्री नाही. म्हणून रंग आला तर धोका आहे असंच धरायचं, पण रंग आला नाही म्हणून पाणी चांगलं आहे असं कुणालाही सांगायचं नाही. शिवाय ही पट्टी फक्त क्रोमियम सिक्स बघते. चामडं कमवताना वापरतात ते मुख्यतः क्रोमियम थ्री, ते हिला दिसतच नाही.

सामान: व्हॉटमन नंबर 1 फिल्टर पेपर, पांढरा वॅक्स क्रेयॉन किंवा मेणबत्ती, इस्त्री, 100 युनिटवाली इन्सुलिन सिरिंज, काचेची केशनळी (केसासारखी बारीक नळी), पीएच पेपर, ॲसिटोन, डायफिनाइलकार्बाझाइड (क्रोमियम सिक्स भेटलं की रंग देणारं केमिकल), पातळ सल्फ्युरिक ॲसिड आणि पोटॅशियम डायक्रोमेट. शेवटची तिन्ही केमिकल घरी आणू नका. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सरांना किंवा मॅडमना विचारून तिथेच काम करा, हातमोजे आणि चष्मा घालून. डायक्रोमेटमुळे कॅन्सर होऊ शकतो, त्याची पूड श्वासात जाता कामा नये.

आता कागद. कागदावर साधारण दीड सेंटिमीटरचे गोल काढायचे, क्रेयॉन दोन्ही बाजूंनी दाबून फिरवायचा, मग दोन साध्या कागदांच्या मध्ये ठेवून वरून गरम इस्त्री फिरवायची म्हणजे मेण वितळून आरपार जातं आणि गोलाभोवती पाणी अडवणारी भिंत तयार होते. मेण आडवंही पसरतं, म्हणून गोल थोडा मोठाच काढा. मुळात कागदावर असे कप्पे पाडून चाचणी करायची ही कल्पना हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या ग्रुपने 2007 साली मांडली, तेव्हा त्यांनी लघवीतलं ग्लुकोज आणि प्रोटीन बघितलं होतं, मेणाचा प्रिंटर नंतर आला. इस्त्री झाली की ती बंद करून खोलीबाहेर ठेवा, कारण यापुढे ॲसिटोन आहे आणि ते भडकन पेटतं.

0.25 ग्रॅम डायफिनाइलकार्बाझाइड 50 मिली ॲसिटोनमध्ये विरघळवा, तपकिरी बाटलीत ठेवा, द्रावणाला रंग चढला की फेकून नवीन करा. केशनळीने प्रत्येक गोलाच्या मधोमध अगदी छोटा थेंब टेकवा, वाळू द्या, परत एकदा टेकवा. इथे बऱ्याच जणांचं बिघडतं. पाणी मेणाला ओलांडत नाही पण ॲसिटोन ओलांडतं, त्यामुळे मोठा थेंब टाकला की केमिकल भिंतीपलीकडे जातं आणि सगळे गोल एकमेकांत मिसळतात. वाळलेल्या पट्ट्या अंधारात, हवाबंद पिशवीत ठेवा आणि शक्यतो ताज्याच वापरा, जुनी पट्टी आपोआप गुलाबी-तपकिरी होते.

तुलनेसाठी 0.283 ग्रॅम डायक्रोमेट एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात घाला, म्हणजे लिटरला 100 मिलिग्रॅम क्रोमियम झालं. त्यातलं अर्धा, 1, 2 आणि 5 मिली वेगवेगळं घेऊन प्रत्येकी 100 मिली केलं की 0.5, 1, 2 आणि 5 मिलिग्रॅमची द्रावणं मिळतात, सोबत एक नुसतं डिस्टिल्ड पाणी हवंच हवं. यांच्या आणि तुमच्या सॅम्पलच्या 5 मिलीमध्ये पीएच 1 ते 2 येईपर्यंत ॲसिडचे थेंब टाका, ॲसिड पाण्यातच घालायचं, कागदावर नाही. मग सिरिंजचे दोन युनिट, म्हणजे 20 मायक्रोलिटर, प्रत्येक गोलात सोडा. क्रोमियम सिक्स असेल तर जांभळट गुलाबी रंग येतो. सगळ्यांना सारखाच वेळ द्या, समजा पाच मिनिटं, आणि लगेच फोटो काढा कारण रंग नंतर उतरतो.

फोटो फ्लॅश बंद ठेवून, सावलीतल्या उजेडात, सगळे गोल एकाच फ्रेममध्ये. इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात रंगाचे तीन चॅनल वेगळे करून फक्त हिरवा बघा, कारण हा रंग 540 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून क्रोमियम जितकं जास्त तितका हिरव्याचा आकडा खाली येतो. माहीत असलेल्या द्रावणांचा ग्राफ काढून त्यावर सॅम्पल कुठे बसतं ते बघा. डोळ्याने 'थोडं गुलाबी वाटतंय' म्हणण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

पिवळट-तपकिरी डाग आला तर तो बहुतेक लोहाचा, त्याला क्रोमियम समजू नका. डिस्टिल्ड पाण्याचा गोलच गुलाबी झाला तर अख्खी बॅच बाद.

सॅम्पल खरंच जांभळट गुलाबी आलं तर त्याच बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत परत भरून पुन्हा तपासा, आणि तोवर ते पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं थांबवायला सांगा. उकळून क्रोमियम जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं, हे घरोघरी सांगावं लागतं. मग फोटो, तारीख आणि बोअरची जागा लिहून सॅम्पल जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, महाराष्ट्रात या प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहेत. अर्जात 'क्रोमियम' असं स्पष्ट लिहा, नाहीतर नेहमीच्या फ्लोराइड-नायट्रेटच्या चाचण्या होऊन रिपोर्ट हातात येईल.

उरलेली द्रावणं, वापरलेल्या पट्ट्या काहीच बेसिनमध्ये टाकायचं नाही. द्रावणं एका बाटलीत जमवा, ती आम्लयुक्त असतानाच फेरस सल्फेट घाला म्हणजे क्रोमियम सिक्सचं थ्री होतं, आणि बाटलीवर नाव घालून, पट्ट्यांच्या पिशवीसकट, लॅबच्या धोकादायक कचऱ्यात द्या.