गरबा येणाऱ्या बायकांसाठी बुयेरेंगे

बडोद्यात नवा नाच शिकवायचा तर आधी गरबा विसरायला लावावा लागतो. दांडिया बाजारातल्या आमच्या मंगळागौरीच्या ग्रुपात माझा अर्धा वेळ "गिरकी नको गं!" म्हणण्यातच जातो.

बुयेरेंगे हे कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं नाचगाणं. गुलामीतून निसटलेल्या आफ्रिकी लोकांच्या वस्त्यांत रुजलेलं. गाणारी बाई, तीही बहुधा वयस्कर. १९३९ मध्ये जन्मलेली बुयेरेंगे गायिका पेत्रोना मार्तीनेस एके काळी ओढ्यातली वाळू काढून पोट भरायची. २०२१ मध्ये तिला लॅटिन ग्रॅमी मिळालं. म्हणून आमच्याकडे गायला साठीच्या काकू पुढे, सुना मागे. सुनांना ते फारसं पटलेलं नाही.

नाचाला हात लावण्याआधी झील, म्हणजे मागच्यांनी धरायची ओळ, पक्की करा. पुढची ओळ बदलत राहते, मागची तीच. मराठी ओळ चालेल, फक्त झील धरणारीने पुढचीच्या शेवटच्या अक्षरावरच उचललं पाहिजे.

मग ढोल. लहान ढोल यामादोर. त्याची थाप पाऊल पडतं तिथे नाही, दोन पावलांच्या मधल्या जागेत. पिठाचा स्टीलचा डबा उलटा घातला तरी भागतं, पण तो सगळ्यात उत्साही बाईच्या हाती देऊ नका, ती लय पळवते. मोठा आलेग्रे नाचणारीशी बोलतो. त्याच्याऐवजी ढोलकी घ्या आणि वाजवणारीला सांगा, नजर नाचणारीवर ठेव, स्वतःच्या बोटांवर नको.

आता पाय. तळवा जमिनीवरून उचलायचाच नाही, बोटभर पुढे सरकवायचा. मी प्रत्येकीच्या पायाखाली वर्तमानपत्राचा कागद देते: तो पायाबरोबर सरकला पाहिजे, फाटता कामा नये. गरब्याची सवय असलेलीचा पहिल्या मिनिटात टर्रकन फाटतो. गुडघे सैल, कंबर हलती, खांदे गप्प. हात मधूनमधून पोटावर येतात, कारण या नाचाचं नातं गर्भारपणाशी, सुफलतेशी सांगतात. इथे आमच्याकडे हमखास खुसखुस होते. होऊ द्या, हसताना खांदे आपोआप सैल पडतात.

सुरुवात बुयेरेंगेच्या सेन्तादो या संथ प्रकाराने करा. चालुपा जलद, झील धरणाऱ्यांचा दम पुरेपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नका. रिंगणात एकेकीने यायचं, दमली की दुसरीने जागा घ्यायची. तिकडे घेरदार घागरा घालतात. आपल्याकडे परकर-पोलकं किंवा चणिया बरा. सहावारीच्या निऱ्या सरकत्या पायाखाली येतात.