नोकरीतून एमबीबीएसकडे: सीमाभागातल्यांनी अर्ज कसा करावा

वयाची काळजी सोडा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत, एवढीच नीटची (वैद्यकीय प्रवेश परीक्षेची) अट; वरची मर्यादा २०२२ मध्ये उठली. कितीदा परीक्षा द्यायची यावरही बंधन नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नोकरदाराचा घोळ होतो तो कागदांत. म्हणून पुस्तकं हातात घेण्याआधी शाळेचे दाखले हातात घ्या.

आधी बारावीचं गुणपत्रक पाहा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी उत्तीर्ण हवं, आणि पहिल्या तीन विषयांत मिळून ५० टक्के (आरक्षित प्रवर्गांना ४०). पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) गणित घेऊन इंजिनिअर झालेल्यांचं बायोलॉजी राहिलेलं असतं. ते एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळेतून) जादा विषय म्हणून देता येतं. विषय क्रमांक ३१४. कॉमर्स, आर्ट्सवाल्यांना फिजिक्स (३१२) आणि केमिस्ट्रीही (३१३) द्यावी लागते. "हे चालत नाही" असं सांगणारे अजून भेटतील. त्यांची माहिती जुनी आहे: बारावीनंतर घेतलेला जादा विषय ग्राह्य धरण्याचा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. एनआयओएसची परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी दोनदा होते. तुम्ही ऑक्टोबरचीच धरा. एप्रिलची धरली तर मेच्या पहिल्या आठवड्यातली नीट अंगावर येते, आणि गुणपत्रक कौन्सेलिंगपर्यंत (जागावाटपापर्यंत) हातात पडेल याची खात्री नसते. प्रॅक्टिकल चुकवू नका.

आता प्रवेशाचे मार्ग. ते तीन आहेत, तिन्हीकडे नोंदणी वेगवेगळी.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा केईएचा, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाचा. पहिली ते बारावीत किमान ७ वर्षं कर्नाटकात शिक्षण आणि एसएसएलसी (दहावी) किंवा पीयूसी यांपैकी एक कर्नाटकातून उत्तीर्ण, ही मुख्य अट. म्हणजे पहिली ते दहावी निपाणीत आणि अकरावी-बारावी कोल्हापुरात झाली असेल तरी तुम्ही बसता. पुरावा म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीचा स्टडी सर्टिफिकेट आणि त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी लागते. पंधरा वर्षांपूर्वी सोडलेली शाळा आज बंद पडलेली किंवा दुसरीत विलीन झालेली असू शकते. अशा वेळी तिचं रजिस्टर कुठे गेलं हे बीईओ कार्यालयात विचारायचं. हे काम जानेवारीतच उरका. एप्रिलमध्ये सुट्टी लागली की मुख्याध्यापक सापडत नाहीत.

ग्रामीण कोट्याकडे नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडची माणसं तो हातचा घालवतात. पहिली ते दहावी अशी दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झाली असतील तर मराठी माध्यम असूनही तो मिळतो. माध्यमाचा संबंध नाही. मधली दोन वर्षं बेळगाव शहरात शिकला असाल तर मात्र हक्क गेला. कन्नड माध्यमाचा कोटा वेगळा, त्यावर खूण करू नका.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून) काढायचा. त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) ऑनलाइन तपासला जातो, म्हणून मुदत संपलेला दाखला चालत नाही. मराठा समाज कर्नाटकाच्या मागासवर्ग यादीत ३-बी गटात आहे, पण केंद्राची ओबीसी यादी निराळी. ३-बीच्या दाखल्यावर नीटच्या फॉर्ममध्ये ओबीसी भरलं की कौन्सेलिंगला अडकलात.

नावाचंही बघा. एसएसएलसीवर 'पाटील एस. एम.', आधारवर 'सुरेश मारुती पाटील', आणि लग्न झालेल्या बाईचं तर आडनावच वेगळं. फॉर्म भरण्याआधी आधार दहावीच्या नावाशी जुळवून घ्या. ते जमणारं नसेल तर नावबदलाचं प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला तयार ठेवा.

दुसरा मार्ग एमसीसीचा (केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीचा): सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा आणि सगळी अभिमत विद्यापीठं. बेळगावचंच उदाहरण घ्या. बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, तिथल्या राज्याच्या जागा केईए भरते. केएलई संस्थेचं जेएनएमसी महाविद्यालय अभिमत, तिथे केईएतून जागा मिळत नाही. अभिमतसाठी २ लाख रुपये अनामत आणि ५ हजार रुपये परत न मिळणारं शुल्क भरावं लागत आलं आहे. तिथली फी आधी विद्यापीठाच्या पत्रकात वाचा, मगच अनामत भरा.

तिसरा मार्ग महाराष्ट्राच्या सीईटी सेलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रवेश कक्षाचा. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांसाठी तिथे 'एमकेबी' (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) नावाने मोजक्या जागा असतात. तुमचं गाव यादीत आहे का, कोणत्या नमुन्यातला दाखला लागतो, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा.

परीक्षेची भाषा निवडताना घाई नको. मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. कर्नाटकातल्या केंद्रांवर कन्नड. मराठीत लिहायचं तर कोल्हापूरचं केंद्र घ्यावं लागेल. आमचा सल्ला इंग्रजीचाच: भाषांतराबद्दल वाद झाला तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात, आणि पुढे एमबीबीएसची पुस्तकंही इंग्रजीच असतात.

७२० गुणांपैकी ३६० बायोलॉजीचे, १८० मिनिटांत १८० प्रश्न, चुकीला एक गुण वजा. नोकरी सांभाळणाऱ्याने बायोलॉजीची एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं ओळ न् ओळ वाचावी, पण रोजचा ताजा तास फिजिक्सला द्यावा, कारण गणितं करायचा सराव तुटलेला असतो. रविवारी दुपारी २ ते ५ घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवा.

राजीनामा जागा मिळाल्याशिवाय देऊ नका. मात्र जागा मिळाल्यावर हजर व्हायला मोजकेच दिवस असतात आणि नोटीस एक ते तीन महिन्यांची. म्हणून ती पैसे भरून कमी करता येते का, हे नियुक्तीपत्रात आत्ताच पाहा. मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडे असतील तर ती आधी सोडवा. सरकारी नोकरांनी परवानगीचा अर्ज नीटचा फॉर्म भरतानाच द्यावा. घरखर्चाचा हिशेब साडेपाच वर्षांचा मांडा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि कमाई सुरू होते ती तिथल्या विद्यावेतनापासून.